माझी मंडळी

आमची वस्ती प्रवरेच्या डाव्या कालव्यावर, पार टेलला. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं, तेव्हापासून आमच्या घराण्याचं निम्मं आयुष्य पाण्याची वाट बघण्यात गेलंय. पाणी सुटलं की आधी वरच्यांचं, मग मधल्यांचं, आणि उरलं तर आमचं. वस्ती पंचवीस-तीस घरांची, सगळी ख्रिस्ती, निम्म्याहून जास्त एकाच आडनावाची. पण चर्च दोन. एक आमचं, कॅथलिक. दुसरं मिशनवाल्यांचं. मधे अंतर दोनशे पावलांचं. रविवारी आठला एक घंटा वाजते, साडेआठला दुसरी. परका पाहुणा हमखास विचारतो, देव एक, आडनाव एक, मग घंटा दोन कशाला? आम्ही हसतो अन् चहा घ्या म्हणतो.

शिकलेली माणसं सांगतात, 1054 साली पूर्वेचे आणि पश्चिमेचे ख्रिस्ती फाटले, 1517 साली जर्मनीत मार्टिन लूथरनं रोमच्या कारभारावर आक्षेप घेतले आणि पश्चिमेचे परत फाटले. ते खरंच आहे. आमच्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 साली, आणि त्या शतकाच्या अखेरीला जेझुइट फादर आले, म्हणजे तिकडची फाटाफूट इकडं आयतीच आली. पण आमच्या घरात ती आली मोटेच्या पाळीवरून. आजोबा अन् त्यांचे थोरले भाऊ, दोघांची विहीर सामायिक. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, पाळीवरून बोलाचाली झाली, आजोबांचा बैल थोरल्यांनी सोडून दिला. थोरले मिशनचे होते. आजोबा चिडून दुसऱ्या आठवड्यात रोमन फादरांकडं गेले अन् नाव लावून आले. आमची आजी मरेपर्यंत सांगायची, "लूथर-बिथर काही नाही बाबा, एका ढवळ्या बैलावरून आपण रोमन झालो."

म्हणजे मी कॅथलिक का, याचं पहिलं उत्तर बैल हेच आहे. पण एवढ्यावर माणूस पासष्टीपर्यंत टिकत नाही. पुढं मला स्वतःची कारणं शोधावी लागली, आणि ती शोधायला लावली माझ्या मंडळीनं.

हा शब्द जरा उलगडून सांगतो. ज्याला इंग्रजीत चर्च म्हणतात, म्हणजे इमारत नव्हे, श्रद्धावंतांचा समुदाय, त्याला आम्ही कॅथलिक ख्रिस्तसभा म्हणतो आणि ते मिशनवाले मंडळी म्हणतात. आणि आमच्या भागात बायकोलाही मंडळीच म्हणतात. माझी मंडळी त्यांच्या मंडळीची. 1982 साली आमचं लग्न झालं. सासरे मिशनच्या शाळेत मास्तर, वर चार एकर जिरायत. मुलगी दिली, पण धर्म बदलणार नाही असं स्वच्छ सांगून दिली. आमच्या फादरांनी बिशपांची परवानगी आणली. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायला मी होईल तेवढं करीन असं माझ्याकडून वदवून घेतलं. लग्न आमच्या चर्चमध्ये लागलं, त्यांच्या पाळकसाहेबांनी येऊन आशीर्वाद दिला. वीस वर्षांपूर्वी असं झालं नसतं. ते कसं, हे वडिलांच्या गोष्टीतून सांगतो.

1961 साली वडिलांच्या चुलतभावाचं लग्न होतं, मिशनच्या चर्चमध्ये. मी दोन वर्षांचा, म्हणजे ही ऐकीव गोष्ट. तेव्हाचे आमचे फादर कडक. दुसऱ्यांच्या उपासनेला आत जायचं नाही म्हणजे नाही. वडील त्या भावाबरोबर एका ताटात जेवून वाढलेले. ते नवे कपडे घालून, फेटा बांधून गेले आणि चर्चसमोरच्या लिंबाखाली उभे राहिले. आत गाणी झाली, प्रार्थना झाली, वचनं झाली. वडील बाहेर. वरात निघाली तेव्हा पुढं होऊन नवरदेवाच्या गळ्यात पडले. आजी आत होती का बाहेर, हे तिनं कधी सांगितलं नाही. पण लिंबाखालचा फेटा ती पुन्हा पुन्हा सांगायची.

पुढं 1964 च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले. तिथं जागतिक युखरिस्त संमेलन भरलं होतं. आमच्या भागातून माणसं बेलापूर स्टेशनवरून रेल्वेनं गेली, त्यात वडील. गर्दीत लांबून पांढरा ठिपका दिसला म्हणत. येताना एक पदक अन् एक फोटो आणला. तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे, चुलीच्या धुरानं पिवळा झालेला. आता मला माहीत आहे ते वडिलांना त्या वेळी माहीत नव्हतं. पोप मुंबईत उतरायच्या अकराच दिवस आधी, 21 नोव्हेंबरला, रोममध्ये व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेनं ख्रिस्ती ऐक्याचा ठराव मंजूर केला होता. जगभरचे बिशप 1962 पासून चार वर्षं दर पावसाळ्याच्या शेवटी रोमला जमत होते, त्यातला हा ठराव. दुसऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांमधले बाप्तिस्मा झालेले लोक आपले भाऊच आहेत, फाटाफुटीचा दोष दोन्हीकडच्या माणसांचा आहे, आणि एक होण्यासाठी बरोबर बसून प्रार्थना करायला हरकत नाही, असं त्याचं सार.

हे आमच्या वस्तीत पोचायला दोन-तीन वर्षं लागली. टेलला सगळंच उशिरा पोचतं. नवे फादर आले होते, त्यांनी मिस्सा झाल्यावर समजावून सांगितलं. वडील उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मग फादर, मला लिंबाखाली कुणी उभा केला व्हता?"

फादर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपल्याच माणसांनी. आणि आता आत जा असंही तीच सांगताहेत."

त्यानंतरची मिशनवाल्यांची पहिली मयत झाली तेव्हा वडील आत गेले. शेवटच्या बाकावर बसले.

तरुणपणी मला याचा राग यायचा. बाहेर राहा म्हटलं की बाहेर, आत जा म्हटलं की आत, ही काय माणसाची रीत? दहावीची पहिली बॅच निघाली 1975 साली, त्यात मी पास झालो होतो, आणि दहावी पास झालेल्याला जेवढं कळतं तेवढं नंतर कधीच कळत नाही. पण पुढं शेती अंगावर पडली, आणि हळूहळू मला वडिलांचं वागणं वेगळं दिसायला लागलं. प्रत्येकानं आपापल्या मनाचं धरलं असतं तर वस्तीतली निम्मी घरं आजही लिंबाखालीच उभी असती, बापजाद्यांचा नियम म्हणून. रीत मोडायला कुणालातरी अधिकार लागतो. ज्याच्या शब्दानं दार बंद झालं होतं, त्याच्याच शब्दानं ते उघडलं, आणि त्यासाठी वस्तीत एक डोकं फुटलं नाही.

सासऱ्यांशी मात्र माझी डोकेफोड चालायची. मामा म्हणजे अस्सल मिशनचा माणूस. बायबलवर हात ठेवून म्हणायचे, "जावईबापू, हे पुस्तक पुरेसं आहे. देव आणि माणूस यांच्यात रोमचा तलाठी कशाला?"

मी एकदा त्यांना आमच्या चारीची गोष्ट सांगितली. पाणी वापर संस्था व्हायच्या आधी आमच्या चारीवर कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. पाटकरी एक, चाऱ्या अनेक, तो तरी कुठं कुठं फिरणार? पण पाळीपत्रक मात्र प्रत्येकाच्या खिशात होतं. एकच छापील कागद. कुणाची पाळी किती वाजता, किती तास, सगळं लिहिलेलं. तरी दर आवर्तनाला चारी फुटायची. एक म्हणायचा वेळ दार उघडल्यापासून धरायची, दुसरा म्हणायचा पाणी बांधावर आल्यापासून. मधे रात्री लाईट गेली, चारी कुणी फोडली, तर वाया गेलेले तास कुणाचे? कागद त्यावर काही बोलत नाही. कागद वाचणारे बोलतात, आणि ज्याचं रान वर त्याचा आवाज मोठा. एका साली आमचा दीड एकर ऊस जाग्यावर वाळला. पाळीपत्रक खिशातच होतं.

मामा हसले. म्हणाले, "म्हणजे पोप तुमचा पाटकरी."

"पाटकरी म्हणा. पाणी त्याचं नाही, धरण त्याचं नाही. पण चारीवर त्याचा शब्द शेवटचा असला तर टेलवाल्याला आशा."

पुस्तकावरून आमचं खरं जुंपलं ते लग्नातल्या वाचनामुळं. आमच्याकडं लग्नात तोबितच्या पुस्तकातला उतारा पुष्कळदा वाचतात. लग्नानंतर महिन्याभरानं ही आपलं बायबल घेऊन बसली आणि शोधून शोधून दमली. म्हणाली, "अहो, तोबित कुठंय?" तिच्या बायबलात तोबित नाहीच. त्यांची पुस्तकं सहासष्ट, आमची त्र्याहत्तर. आता दोघांनी एकाच अंगणात दोन बायबलं घेऊन बसल्यावर प्रश्न पडणारच, की यादी कुणी ठरवली? येशूनं स्वतः एक ओळ लिहून ठेवलेली नाही. यादी कुठल्या पुस्तकाच्या पोटात छापलेली नाही. ती 393 साली हिप्पोला आणि 397 साली कार्थेजला बिशपांनी सभेत बसून नक्की केली, आणि लूथरच्या नंतर वाद झाला तेव्हा 1546 साली ट्रेंटच्या महासभेनं तीच कायम केली. मी मामांना म्हटलं, ज्यांनी यादी केली त्यांच्यावर विश्वास नाही तर यादीवर कसा?

मास्तर माणूस. लगेच म्हणाले, "मोजणीदारानं रान मोजलं म्हणून रान त्याचं होतं का?"

याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही. आठ दिवसांनी बाजारात भेटले तेव्हा सांगितलं, "मामा, रान त्याचं होत नाही. पण बांधाचा वाद झाला की कोर्टसुद्धा त्याचाच नकाशा मागतं." पुढं फादरांनी मला दाखवलं, की महासभेच्या 1965 च्या एका दस्तऐवजात हेच आहे. शिकवणारा अधिकार देवाच्या शब्दाच्या वर नाही, त्याचा चाकर आहे. मामांना ते आवडलं. "एवढं तुमचे फादर आधी म्हणाले असते तर," असं म्हणून ते गप्प बसले.

मामांचा एक समज मात्र मी पुरता काढून टाकला. त्यांना वाटायचं, आम्ही पोपला पाप न करणारा समजतो. पोपसुद्धा कबुलीजबाबाला दुसऱ्या धर्मगुरूपुढं गुडघे टेकतो, हे ऐकून ते चकित झाले. अचुकता म्हणतात ती त्याच्या वागण्याची नाही, रोजच्या बोलण्याचीही नाही. सगळ्या ख्रिस्तसभेसाठी श्रद्धेची किंवा नीतीची गोष्ट तो अंतिम म्हणून जाहीर करतो तेवढ्यापुरती. 1870 साली ही व्याख्या झाली, आणि त्यानंतर 1950 साली मरियेच्या स्वर्गोन्नयनाबद्दल एकदाच तसं जाहीर झालं. वाईट पोप होऊन गेले, ते आमच्याच लोकांनी लिहून ठेवलंय. मामा म्हणाले, "मग एवढा वाईट माणूस चालवून कसा घेता?" मी म्हटलं, पेत्र तरी कुठं चांगला होता? कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाही म्हणाला. येशूला ते आधीच ठाऊक होतं, तरी किल्ल्या त्याच्याच हातात दिल्या. मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात किल्ल्या आहेत, आणि लूकच्या बाविसाव्यात, तू सावरलास की भावांना सावर असं सांगणं आहे. तो चांगला आहे म्हणून नव्हे, भाऊ पांगू नयेत म्हणून.

मला स्वतःला सगळ्यात पटतं ते प्रेषितांच्या कृत्यांतलं पंधरावं प्रकरण. अंत्युखियात वाद पडला, यहुदी नसलेल्या माणसाची सुंता केल्याशिवाय तो ख्रिस्ती होतो का नाही? केवढा मोठा वाद. पण तिथं लगेच दोन घंटा वाजल्या नाहीत. ते म्हणाले, यरुशलेमला जाऊ, प्रेषितांना विचारू. गेले, भांडले, पेत्र बोलला, याकोब बोलला, निकाल झाला, पत्र घेऊन माणसं परत आली. आणि सगळ्यांनी मानलं. निकाल नव्या माणसांच्या बाजूचा होता, जुन्या मालकांच्या नव्हे.

मामांच्या लोकांना एकीची हौस नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. आमच्याहून जास्त होती. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. मामा तो दिवस सणासारखा सांगायचे. अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट, ज्यांची कधी एका बाकावर बैठक झाली नव्हती, ती एका नावाखाली आली. मी एकदा खोडी काढली. "मामा, तुमच्या अमेरिकन मिशनमध्ये बिशप नव्हता ना? मग एक व्हायचं ठरल्यावर बिशप का लागला?" मामांनी तंबाखू मळता मळता विचार केला. म्हणाले, "लागला खरा. पण आमचा आम्ही निवडतो." ते गेले त्याला बारा वर्षं झाली. असं प्रामाणिक भांडण करणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. हिच्या माहेरचाच एक भाचा आता पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःची प्रार्थना चालवतो. त्याच्यातून फुटून दोघांनी आणखी दोन शेड टाकलीत. तिघांच्याही हातात तेच बायबल आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल, हा माणूस जिंकून बसलाय. तसं नाही. माझा हिशोब जिथं चुकतो ती जागा आमच्या चर्चमधल्या डावीकडच्या चौथ्या बाकावर आहे.

चाळीस वर्षं झाली, ही माझ्याबरोबर मिस्सेला येते. कधी मी तिच्याबरोबर साडेआठच्या उपासनेला जातो. नारायण वामन टिळकांची भजनं दोन्हीकडं आहेत, तिचा आवाज माझ्यापेक्षा बरा आहे. पण ख्रिस्तशरीर घ्यायला रांग उठते तेव्हा ही गुडघे एका बाजूला घेते, म्हणजे बाकावरच्या बाकीच्यांना जायला वाट होते. आम्ही जाऊन येतो. ती बसलेली असते.

नियम मला समजतो. आमच्याकडं तो संस्कार एकीची खूण आहे. एकी पुरी झालेली नसताना ती खूण करायची म्हणजे सोयरीक ठरण्याआधी हळद लावण्यासारखं. खोटी हळद आम्हाला लावायची नाही, एवढंच. मरणाची वेळ असेल, तिचा पाळक मिळत नसेल, तिनं आपणहून मागितलं आणि आमच्यासारखाच विश्वास धरला, तर धर्मगुरू देऊ शकतो अशी वाट नियमातच आहे. पण हिचा पाळक दोनशे पावलांवर राहतो.

समजणं वेगळं अन् बघणं वेगळं. आमच्या आजोबा-पणजोबांना गावजेवणात पंगतीबाहेर बसवायचे, वरून टाकायचे. एका पंगतीत बसायला मिळावं म्हणून ते ख्रिस्ती झाले, मोटेचं अन् बैलाचं भांडण नंतरचं. आणि आता त्यांच्याच घरची सून पंगत चालू असताना गुडघे वळवून बसते. मी एकदाच तिला म्हटलं, तू कॅथलिक का होत नाहीस? ती म्हणाली, "माझ्या बापाचा बाप्तिस्मा तुमचे फादर खरा मानतात ना?" म्हटलं, मानतात, परत देत नाहीत. "माझा?" तोही मानतात. "मग मी अर्धी कशानं?" मी बैलांना वैरण टाकायला गेलो.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1995 साली एक पत्र काढलं. त्याचं नावच योहानाच्या सतराव्या अध्यायावरून आहे, सगळे एक व्हावेत या येशूच्या प्रार्थनेवरून. त्यात त्यांनी रोमकडून झालेल्या दुखापतीबद्दल क्षमा मागितली आणि दुसऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या पुढाऱ्यांना विचारलं, की माझा हा अधिकार मी कसा चालवावा म्हणजे तुम्हालाही तो मानता येईल, हे मिळून शोधू या. पाटकरी बांधावर येऊन टेलवाल्याला विचारतोय, असं पहिल्यांदाच बघितलं मी. मामांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

मागच्या वर्षी नातीचं पहिलं ख्रिस्तशरीर होतं. पांढरा झगा, डोक्यावर फुलांचा गजरा. आदल्या दिवशी आजीच्या मांडीवर बसून विचारते, "आज्जी, उद्या तू माझ्यासंगं घेणार?"

ही म्हणाली, "नाही बाई. माझं ताट त्या पंगतीत अजून वाढलेलं नाही."

"कोण वाढणार?"

हिनं माझ्याकडं बोट दाखवलं. म्हणाली, "तुझ्या आजोबाला विचार, त्याला सगळं येतं."

मी नातीला एवढंच सांगितलं, की येशूनं स्वतः मागितलेली ही गोष्ट आहे, आणि अजून झालेली नाही. तू उद्या तिथं मागशील तेव्हा हेच माग. तिनं मागितलं का नाही, मी विचारलं नाही.

यंदा जानेवारीत ख्रिस्ती ऐक्याच्या आठवड्याला, 18 ते 25 तारखेच्या मधे, दोन्हीकडची मिळून प्रार्थना आमच्या चर्चमध्ये झाली. पाळकसाहेबांनी वाचन केलं, फादर बोलले, चहाला शेड टाकलेला भाचाही आला होता. आधी कुणाची घंटा वाजवायची यावर थोडं गमतीत, थोडं खरंच भांडण झालं. आम्ही लवकर उठलो, कारण आवर्तन चालू होतं आणि रात्री बाराला आमची पाळी होती. गव्हाला पाणी हवं होतं. थंडी मरणाची. मी फावडं घेतलं, हिनं बॅटरी घेतली. चारीवर आमच्या आधी माझा मिशनचा चुलतभाऊ दारं धरून होता, त्याच ढवळ्या बैलाच्या थोरल्या आजोबांचा नातू. त्याचं शेवटचं वाफं अजून निम्मं कोरडं होतं. बाराला पाच कमी असताना त्यानं घड्याळात बघितलं, फावड्यानं चिखल ओढला आणि पाणी आमच्याकडं वळवलं.

"वहिनी," तो म्हणाला, "बॅटरी जरा इकडं धरा, दगड बसंना झालाय."